स्नायू-आकुंचनाचे प्रकार व बलनिर्मितीची प्रक्रिया : खानदेशातील श्रम आणि व्यायामपरंपरेच्या संदर्भात

सारांश

मानवी शरीरातील कंकालस्नायू तीन प्रकारे बल निर्माण करतात : लांबी कमी करून, लांबी स्थिर ठेवून आणि लांबी वाढत असताना विरोध करून. या तिन्ही प्रकारांत निर्माण होणारे बल, खर्च होणारी ऊर्जा आणि स्नायूला होणारी इजा सारखी नसते. प्रस्तुत लेखात या फरकामागील शरीरक्रियाशास्त्रीय कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतीश्रम, कुस्ती, जोर-बैठका आणि पदयात्रा यांतील परिचित उदाहरणे घेतली आहेत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या ग्रामीण युवकांच्या दृष्टीने या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्वही विशद केले आहे.

बीजसंज्ञा : कंकालस्नायू, संकेंद्री आकुंचन, उत्केंद्री आकुंचन, समआयामी आकुंचन, बल-वेग संबंध, स्नायुदुखी.

प्रस्तावना

खानदेश हा श्रमाचा प्रदेश आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल परिसरात केळीची कटाई वर्षातील बराच काळ चालते. धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला वेग येतो. येथील गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचे फड रंगतात. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी या गावचे मल्ल विजय चौधरी यांनी 2014, 2015 व 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीचा किताब पटकावून या परंपरेला राज्यपातळीवर प्रतिष्ठा मिळवून दिली.

श्रम असो वा व्यायाम, त्याचे मूळ साधन स्नायू हेच होय. मात्र स्नायू बल कसे निर्माण करतो याविषयी समाजात, एवढेच नव्हे तर व्यायाम शिकवणाऱ्यांतही, काही गैरसमज रूढ आहेत. ‘अंग जितके दुखेल तितका व्यायाम लागू पडला’, ‘चढ चढणे कठीण, उतरणे सोपे’, ‘दुसऱ्या दिवशीची स्नायुदुखी लॅक्टिक आम्लामुळे होते’ ही त्यांची काही उदाहरणे. या समजुती निरुपद्रवी नाहीत. पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारून रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येणाऱ्या तरुणाच्या बाबतीत त्यांची किंमत मोठी असू शकते. म्हणून या प्रक्रियेचे शास्त्रीय स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

स्नायूची रचना आणि बलाचा उगम

मानवी शरीरात सहाशेहून अधिक कंकालस्नायू असून शरीराच्या एकूण वजनाचा सुमारे 40 टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. प्रत्येक स्नायू हजारो स्नायुतंतूंचा बनलेला असतो. प्रत्येक तंतूत असंख्य सूक्ष्म तंतुके असतात आणि प्रत्येक तंतुक हे सार्कोमिअर नावाच्या लहान घटकांची साखळी असते. एका सार्कोमिअरची लांबी साधारणतः 2 ते 3 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाइतकी असते. त्यात मायोसिन या प्रथिनाच्या जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाच्या बारीक तारा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

स्नायू आखडताना या तारा स्वतः आखडत नाहीत. त्या एकमेकींवरून सरकतात. हा सिद्धान्त 1954 साली ए. एफ. हक्सली व आर. निडरगर्के यांनी, तसेच एच. ई. हक्सली व जीन हॅन्सन यांनी स्वतंत्रपणे मांडला. मेंदूकडून आलेला संदेश चेतातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचला की तेथे ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते. त्यामुळे तंतूच्या पटलावर विद्युत्-लहर पसरते आणि तंतूच्या आतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटताच ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा मोकळ्या होतात. मग मायोसिनचे डोके तेथे पकड घेते, वाकते आणि ॲक्टिनची तार काही नॅनोमीटर ओढते. त्यानंतर एटीपीचा नवा रेणू आला म्हणजे ती पकड सुटते आणि पुढची पकड घेतली जाते. विहिरीतून दोर ओढताना एका हाताने ओढावे, सोडावे, पुढे धरावे, पुन्हा ओढावे, तसाच हा क्रम असतो. मात्र येथे एकाच वेळी अब्जावधी हात काम करीत असतात.

एटीपी संपला तर पकड सुटतच नाही. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होते त्याचे कारण हेच होय.

एका पकडीचे बल केवळ काही पिकोन्यूटन एवढे असते. परंतु त्यांची बेरीज मोठी होते. स्नायूच्या एक चौरस सेंटिमीटर काटछेदामागे साधारणतः 20 ते 30 न्यूटन, म्हणजे 2 ते 3 किलो वजनाइतके बल निर्माण होऊ शकते. यावरून स्नायूची जाडी आणि ताकद यांचा थेट संबंध स्पष्ट होतो.

शरीरातील बहुतेक तरफा बलाच्या दृष्टीने तोट्याच्या आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते. कोपर काटकोनात ठेवून हातात 10 किलो पाण्याची बादली धरली, तर तिचे वजन कोपरापासून सुमारे 35 सेंटिमीटरवर असते. हात वाकवणारे स्नायू मात्र कोपरापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर बल लावतात. म्हणजे हाताचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी स्नायूंना सातपट, जवळपास 70 किलो वजनाइतके बल लावावे लागते. या तोट्याच्या मोबदल्यात हाताच्या टोकाला वेग आणि मोठी हालचाल प्राप्त होते.

‘आकुंचन’ या संज्ञेविषयी

आकुंचन म्हणजे आखडणे असा मराठीतील सामान्य अर्थ आहे. शरीरक्रियाशास्त्रात मात्र स्नायू उद्दीपित होऊन ताण निर्माण करतो त्या अवस्थेस आकुंचन म्हणतात. मग त्याची लांबी कमी होवो, तेवढीच राहो अथवा वाढो. काही अभ्यासक म्हणूनच ‘आकुंचना’ऐवजी ‘स्नायूची क्रिया’ असा शब्दप्रयोग अधिक योग्य मानतात. प्रस्तुत लेखात रूढ संज्ञाच वापरली आहे. लांबी कमी होते ते संकेंद्री अर्थात कॉन्सेन्ट्रिक, लांबी बदलत नाही ते समआयामी अर्थात आयसोमेट्रिक आणि लांबी वाढते ते उत्केंद्री अर्थात एक्सेन्ट्रिक आकुंचन होय.

एका बैठकीत हे तिन्ही प्रकार दिसतात. मल्ल खाली बसतो तेव्हा मांडीचा पुढील चतुःशिरस्क स्नायू लांबत असतो, तरीही तो शरीराला आदळू देत नाही. हे उत्केंद्री कार्य होय. तो मध्येच थांबला तर कार्य समआयामी होते. तो वर उठतो तेव्हा तोच स्नायू आखडतो आणि कार्य संकेंद्री होते. अर्थात खाली बसताना एक आणि उठताना दुसरा स्नायू मुख्य काम करतो, ही समजूत चुकीची आहे. गुरुत्वाकर्षणाला विरोध करणारा स्नायू दोन्ही वेळा तोच असतो.

समआयामी आकुंचन

स्नायू किती बल देईल हे त्या वेळच्या त्याच्या लांबीवर अवलंबून असते. गॉर्डन, हक्सली व ज्युलियन यांनी 1966 साली बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर प्रयोग करून हे सिद्ध केले. सार्कोमिअरची लांबी 2.0 ते 2.2 मायक्रोमीटर असताना बल सर्वाधिक असते, कारण त्या वेळी पकडींची संख्या कमाल असते. तंतू फार ताणला तर तारांची परस्परव्याप्ती घटते. फार आखडला तर तारा एकमेकींना अडथळा करतात. दोन्ही स्थितींत बल कमी होते. हात पूर्ण सरळ असताना किंवा पूर्ण दुमडलेला असताना जड वस्तू उचलणे अवघड जाते, यामागे तरफेतील बदलाबरोबरच हेही कारण असते.

समआयामी आकुंचनात बाह्य हालचाल नसते, म्हणून भौतिकशास्त्राच्या भाषेत कार्य शून्य असते. तरीही थकवा येतो. पकडी सतत घेतल्या व सोडल्या जात असल्याने एटीपी खर्च होतच राहतो. शिवाय ताणलेला स्नायू स्वतःच्या रक्तवाहिन्या दाबतो. कमाल बलाच्या निम्मे बल माणूस सलग सुमारे एक मिनिटच टिकवू शकतो.

कापूस वेचणाऱ्या स्त्रीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कमरेला ओटी बांधून ती ओळीतून पुढे सरकते. तिची बोटे सतत हलत असतात. परंतु पाठीचे स्नायू मात्र अर्धवट वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास ताणलेले राहतात. जसजशी ओटी भरते तसतसा त्यांवरील भार वाढतो. माणूस पूर्णपणे खाली वाकतो तेव्हा पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होऊन भार अस्थिबंधांवर जातो. अर्धवट वाकलेल्या स्थितीत मात्र तो प्रामुख्याने स्नायूंनाच पेलावा लागतो. कपाशीच्या झाडाची उंची या मजुरांना नेमकी हीच स्थिती घ्यायला लावते. सायंकाळी पाठ धरते ती दिवसभराच्या या स्थिर श्रमामुळे. ‘नुसते उभे राहून वेचायचे, त्यात कसले कष्ट’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. ओटी वेळोवेळी रिकामी करणे आणि अधूनमधून पाठ सरळ करणे, हे साधे उपाय रक्तप्रवाह पूर्ववत करतात.

जोरदार समआयामी श्रमात श्वास रोखला गेल्यास रक्तदाब झपाट्याने वाढतो. म्हणून उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी असे व्यायाम वैद्यकीय सल्ल्यानेच करावेत.

संकेंद्री आकुंचन

स्नायू आखडत असताना वेग आणि बल यांत एक व्यस्त नाते असते. 1922 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ए. व्ही. हिल यांनी 1938 साली हे नाते गणिती समीकरणात मांडले. भार जितका कमी तितका स्नायू वेगाने आखडतो. भार जितका अधिक तितका वेग मंदावतो. स्नायूला पेलणार नाही एवढा भार झाला की वेग शून्यावर येतो आणि आकुंचन समआयामी बनते. वेग वाढला की कोणत्याही एका क्षणी घट्ट पकड घेतलेल्या मायोसिन-डोक्यांची संख्या कमी होते. शिवाय काही पकडी वेळेत न सुटल्याने उलट दिशेने ओढू लागतात. म्हणून वेगाने ओढताना बल घटते.

शक्ती म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार. ती कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाला सर्वाधिक असते. पोलीस भरतीतील गोळाफेकीत गोळ्याचे वजन ठरलेले असते. गोळा किती दूर जाईल हे तो हातातून कोणत्या वेगाने सुटतो यावर मुख्यतः ठरते. त्यामुळे केवळ फार जड वजन सावकाश उचलण्याचा सराव पुरेसा होत नाही. मध्यम भार वेगाने ढकलण्याचा सरावही आवश्यक असतो.

केळीच्या बागेत पंचवीस किलोपर्यंतचा घड खांद्यावर चढवताना मजुराचे पाय, पाठ व खांद्याचे स्नायू संकेंद्री कार्य करतात. अनुभवी मजूर घड झटक्याने उचलत नाही. शरीराजवळ घेतो आणि पायांच्या बळावर उठतो. त्याने तरफेचा भुज कमी केलेला असतो आणि भार मोठ्या स्नायूंकडे वळवलेला असतो.

उत्केंद्री आकुंचन

उद्दीपित स्नायूला बाह्य भार ओढून लांबवतो तेव्हा त्याचे बल समआयामी बलापेक्षाही अधिक असते. स्नायू शरीराबाहेर काढून केलेल्या प्रयोगांत हे बल समआयामी बलाच्या दीडपटीहून अधिक आढळले आहे. जिवंत माणसात चेतासंस्था काही प्रमाणात आवर घालत असल्याने ही वाढ कमी दिसते.

याची कारणे दोन सांगता येतात. पहिले असे की, जोडलेल्या मायोसिन-डोक्यांना बाहेरून ताण दिला जातो आणि पकड यांत्रिकरीत्या सुटेपर्यंत ती अधिक बल सहन करतात. दुसरे असे की, टायटिन हे अतिदीर्घ प्रथिन सार्कोमिअरमध्ये स्प्रिंगसारखे काम करते आणि स्नायू उद्दीपित असताना ते अधिक ताठ बनते, असे अलीकडील संशोधन सुचवते. पकड एटीपीशिवाय, केवळ ओढीने सुटू शकत असल्यामुळे ऊर्जेचा खर्चही कमी होतो.

1952 साली ॲबट, बिगलँड व रिची यांनी याचे सुंदर प्रात्यक्षिक दाखवले. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एक व्यक्ती पेडल पुढे मारी आणि दुसरी त्याला विरोध करी. दोघांचे बल सारखेच असूनही विरोध करणाऱ्याचा प्राणवायूचा वापर कितीतरी कमी भरला. लहान चणीची स्त्री धिप्पाड पुरुषाला सहज थोपवू शकली.

कुस्तीच्या आखाड्यात हेच तत्त्व दिसते. मल्लाने प्रतिस्पर्ध्याचा हात धरून ठेवला आहे आणि प्रतिस्पर्धी तो सोडवू पाहतो आहे, अशी स्थिती घेऊ. धरणाऱ्याचे स्नायू प्रथम समआयामी बल लावतात. हात हळूहळू ओढला जाऊ लागला की तेच स्नायू उत्केंद्री स्थितीत जातात आणि त्यांचा विरोध आणखी वाढतो. सोडवणाऱ्याला मात्र संकेंद्री, म्हणजे सर्वांत दुर्बळ प्रकारच्या आकुंचनाने काम करावे लागते. त्यामुळे सरळ ओढून पकड सोडवणे समान ताकदीच्या मल्लालाही जड जाते. म्हणून कसलेला मल्ल सरळ न ओढता मनगट फिरवतो, कोन बदलतो आणि पकडीतील सर्वांत कमकुवत अंगठ्याच्या बाजूने हात काढतो.

उत्केंद्री आकुंचन आणि स्नायुदुखी

चैत्रात खानदेशातून हजारो भाविक नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी गडावर पायी जातात. गडाच्या सुमारे पाचशे पायऱ्या चढताना धाप लागते, घाम येतो. उतरताना श्वासाला आराम असतो. तरीही दोन दिवसांनी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. प्रत्येक पायरी उतरताना चतुःशिरस्क स्नायू लांबत असतानाच शरीराचे संपूर्ण वजन पेलतो. ऊर्जा कमी लागते, म्हणून धाप लागत नाही. परंतु तेवढेच बल कमी तंतूंवर विभागले जात असल्याने प्रत्येक तंतूवरील ताण अधिक असतो. काही दुर्बळ सार्कोमिअर अतिरिक्त ताणले जाऊन विस्कटतात. त्यानंतर दाह निर्माण होतो आणि वेदना 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते.

लॅक्टिक आम्लाचा या दुखण्याशी संबंध जोडणे योग्य नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेटची पातळी पूर्ववत होते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते. शिवाय चढण्यात लॅक्टेट अधिक तयार होऊनही दुखणे उतरण्याने अधिक होते.

या इजेची एक उपकारक बाजूही आहे. एकदा सौम्य प्रमाणात उत्केंद्री व्यायाम झाला की स्नायू जुळवून घेतो आणि पुढील काही आठवडे तशाच व्यायामाने दुखणे बरेच कमी होते. यात्रेपूर्वी पंधरा-वीस दिवस थोड्या थोड्या पायऱ्या उतरण्याचा सराव करण्यामागे हेच शास्त्र आहे.

भरतीच्या तयारीतील धोका

पोलीस व सैन्यभरतीची जाहिरात निघाली की धुळे-जळगाव परिसरातील मैदाने पहाटेपासून गजबजतात. अनेक युवक महिनोन्‌महिने व्यायाम न करता एकदम तयारीला लागतात. पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका, टेकडीवरून धावत उतरणे, बेडूकउड्या असा कार्यक्रम पैजेने पार पाडला जातो. यांतील बहुतांश भार उत्केंद्री असतो आणि धाप कमी लागत असल्याने थांबण्याची सूचना शरीराकडून वेळेवर मिळत नाही.

अशा वेळी क्वचित स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांतील मायोग्लोबिन रक्तात मिसळून मूत्रपिंडात पोहोचते आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका संभवतो. या अवस्थेस रॅब्डोमायोलिसिस असे म्हणतात. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. शरीरातील पाणी कमी झालेले असताना हा धोका अधिक बळावतो. साधी स्नायुदुखी आणि ही अवस्था यांतील फरक प्रत्येक प्रशिक्षकास ठाऊक असला पाहिजे. व्यायामानंतर लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे, स्नायूंना मोठी सूज येणे, पाय उचलता न येण्याइतका अशक्तपणा वाटणे ही लक्षणे दिसताच मालिश किंवा वेदनाशामक गोळ्या यांवर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे. विशेषतः पाणी कमी झालेल्या शरीरात काही वेदनाशामक औषधे मूत्रपिंडाला आणखी अपाय करू शकतात.

पूर्वीच्या तालमीत वस्ताद नवख्या पोराला सुरुवातीला मोजक्याच जोर-बैठका देत आणि आठवड्या-आठवड्याने संख्या वाढवीत. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हते. परंतु स्नायूला जुळवून घेण्यास अवधी द्यावा लागतो हे त्यांच्या पद्धतीत अंतर्भूत होते. आज वस्तादाशिवाय, भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून होणाऱ्या तयारीत नेमका हाच भाग गळून पडतो.

निष्कर्ष

1. स्नायूचे बल ॲक्टिन व मायोसिन यांच्या पकडींतून निर्माण होते. ते स्नायूची जाडी, लांबी, आकुंचनाचा वेग आणि दिशा यांवर अवलंबून असते.

2. समान उद्दीपन असता उत्केंद्री बल सर्वाधिक, समआयामी त्याखालोखाल आणि संकेंद्री सर्वांत कमी असते. ऊर्जेचा खर्च मात्र उत्केंद्री आकुंचनात सर्वांत कमी असतो.

3. धाप लागणे हे स्नायूवरील ताणाचे विश्वसनीय माप नव्हे. उत्केंद्री व्यायामात कमी धाप आणि अधिक इजा एकत्र आढळतात.

4. हालचाल न दिसणाऱ्या श्रमातही स्नायू थकतो. कापूस वेचणीसारख्या कामांचे मूल्यमापन करताना स्थिर श्रमाचा विचार झाला पाहिजे.

5. भरतीपूर्व प्रशिक्षणात बैठका, उतार आणि उड्या यांची संख्या क्रमाने वाढवावी. पहिल्या आठवड्यात प्रमाण जाणीवपूर्वक कमी ठेवावे, पुरेसे पाणी द्यावे आणि धोक्याची लक्षणे प्रशिक्षणार्थींना आधीच सांगून ठेवावीत.

महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी भरतीच्या हंगामापूर्वी परिसरातील युवकांसाठी यासंबंधी एखादे व्याख्यान व प्रात्यक्षिक आयोजित केले, तरी अनेक दुखापती टाळता येतील. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. एक जिना, एक घड्याळ आणि मोजून दिलेल्या बैठका एवढे पुरेसे आहे.